पडद्यामागचा कारागीर

“हे तुमच्या कपाटात ठेवा ताई. आणि कुणी विचारलंच, तर तुमचं आहे म्हणून सांगा.”

शेजारच्या वहिनींनी पदराखालून खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा क्षणभर मला वाटलं, बाईंनी कुठेतरी हात मारला. खोक्यातून निघाला एक रेडिओ. नवा कोरा, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

“लेकीनं पाठवलाय,” त्या म्हणाल्या. “घरात नेला, की संध्याकाळपर्यंत ह्याची आतडी बाहेर.”

आतडी काढणारे म्हणजे त्यांचे यजमान. गृहस्थांनी कचेरीत जन्मभर आलेल्या टपालावर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर त्यांना एकाएकी साक्षात्कार झाला, की जगातल्या झाडून सगळ्या कंपन्या चोर आहेत. प्रत्येक यंत्रातला चांगुलपणा त्यांनी मुद्दाम आत दाबून ठेवलेला असतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी आपला अवतार आहे. तारा जोडताना कथलाचा डाग देतात, म्हणून जिन्यातले सगळे त्यांना डागमास्तर म्हणत. तोंडावर अर्थात ‘साहेब’. डागाची राळ जळल्याचा वास आला, की ओळखावं, शेजारी एखादी धडधाकट वस्तू सुधारते आहे.

माझी नोकरी इस्पितळाच्या भांडारात झाली. माल काय आला, काय गेला आणि मधे कुणाच्या हातून नासला, हे बघायची खोड अजून जात नाही. डागमास्तरांच्या घरची आवक चांगली होती. जावक सगळी भंगाराची. मिक्सरचा आवाज त्यांनी कमी केला, तर तो इतका शांत झाला, की वाटेनासाच झाला. इस्त्रीची उष्णता ‘नेमकी’ केली, तिने पहिल्याच दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर आपला ठसा उमटवला. दाराची घंटा पूर्वी बिचारी किणकिण करायची. सुधारल्यावर ती अशी घुमायला लागली, की पोस्टमन बटण दाबून मागे सरकायचा.

बरं, हे करून माणसाने जरा ओशाळं व्हावं? नाव नको. माझ्याकडे चहाला आले, की टीव्हीकडे बघून नाक मुरडायचे. “हे असलं ऐकता तुम्ही? कान आहेत की खुंट्या?” चहा मात्र दुसऱ्यांदा घ्यायचे. त्यात काही सुधारण्यासारखं सापडलं नसावं.

त्यांच्या कर्तबगारीचा कळस म्हणजे ‘संच’. एक जुना रेडिओ सोलून, बास म्हणजे खालचा घुमारा वाढावा म्हणून त्याला भलामोठा स्पीकर लावून, तो सगळा ऐवज त्यांनी टेबलाच्या खणात ठोकून बसवला होता. आवाज मऊ व्हावा म्हणून खणात कापूस कोंबला होता. तो वहिनींच्या उशीतला. संच लावला, की फळीवरच्या कपबशा थरथरत आणि बातम्या देणारा माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटे.

कुणाला गंमत वाटेल, पण वहिनींची गंमत होत नव्हती. त्यांच्या डोळ्यांचा पडदा निकामी झाला होता. माणूस दिसे, अक्षर दिसत नसे. जन्मभर पुस्तकात डोकं खुपसून बसलेली ती बाई. दुपारी रेडिओवर कादंबरी वाचून दाखवतात, तेवढंच तिचं वाचन उरलं होतं. आणि संचातून ती कादंबरी नुसती घुमघुम करत बाहेर पडे.

“शब्द कळत नाहीत म्हणून त्यांना सांगून बघितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं की,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी बास आणखी वाढवला.”

तेव्हा रेडिओ माझ्या कपाटात राहिला. दुपारी डागमास्तर आपल्या तारांत गुंतले, की वहिनी ‘ताईंकडे बसून येते’ म्हणून निघत. माझ्या आतल्या खोलीत पडद्यामागे बसून ऐकत. कादंबरीत एका नावाड्याची गोष्ट चालली होती. मी बाहेर भाजी निवडायची. लपूनछपून भेटणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, पण नवऱ्याला चुकवून रेडिओला भेटणारी हीच.

एकदा डागमास्तर स्टूल मागायला आले आणि दारातच थबकले.

“थांबा. हा आवाज कुठला?”

“आत रेडिओ लागलाय.”

पडद्यामागे वाचणारीचा आवाज चालू होता, शब्द न शब्द सुटा. डागमास्तरांनी डोळे मिटले, मान तिरकी केली.

“हा कंपनीचा माल नव्हे.”

“नव्हे?”

“छे! कुणीतरी हात फिरवलाय. मधला आवाज कसा पुढे आणलाय बघा. कपॅसिटर बदललेत, तेही पारखून. माणूस जाणकार आहे. कोण हो?”

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. त्या रेडिओला स्क्रूड्रायव्हरचं वारंसुद्धा लागलं नव्हतं. पण खुंट्या म्हणवून घेतलेल्या कानांनी ही संधी कशी सोडावी?

“आहेत एक कारागीर,” मी म्हटलं. “फारसे कुणाला भेटत नाहीत.”

“नाहीच भेटणार,” ते हळूच म्हणाले. “असली माणसं भेटतच नाहीत.” आणि स्टूल न घेताच निघून गेले.

मी पोट धरून हसले. वहिनी पडद्याबाहेर आल्या, त्या काही हसत नव्हत्या.

“कशाला चढवलंत त्यांना?”

“मग बोलावू परत? दाखवू रेडिओ?”

त्यांनी रेडिओ उराशी धरला. “नको. नावाडी अजून पलीकडे पोचला नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते, तर समोर डागमास्तर. दाढी घोटलेली, केस चापून बसवलेले, आणि दोन्ही हातांत तान्हं मूल धरावं तसा, खणासकट उचलून आणलेला संच.

“त्या कारागिरांना एकदा ऐकवाल?” त्यांचा आवाज पार खाली आला होता. “नावं ठेवली तरी चालतील. आजवर ज्याला कळतं अशा कुणी हा ऐकलेलाच नाही.”

ह्या माणसाच्या नावावर मी कधी काही जमा धरलं नव्हतं; ही नम्रता कुठल्या खात्यात मांडायची? मी संच ठेवून घेतला. दुपारी वहिनी आल्या, तसा त्यांच्यापुढे लावला. फरशी हादरली. नावाडी पिंपात पडला.

“आता काय सांगू त्यांना?” मी बटण बंद केलं.

“सांगा, पोकळ घुमतो,” वहिनी म्हणाल्या. “कापूस काढा. बास उतरवा. घर दणाणून काय करायचंय? बोलणारा माणूस समोर येऊन बसलाय असं वाटलं पाहिजे.”

एका दमात म्हणाल्या, कुठे अडखळल्या नाहीत. पाठ असल्यासारखं.

वहिनी घरी गेल्यावर मी तस्सं जाऊन सांगितलं. वाटलं, आता भडकणार. पण डागमास्तर एकेक वाक्य बोटावर मोजत मान डोलवत होते. “कापूस… बरोबर. बास… हो, हो, चुकलंच माझं. काय माणूस आहे! एका बैठकीत नस पकडली.”

त्यांच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. स्वयंपाकघराच्या दारामागे भांड्यांचा आवाज थांबलेला मला कळला. त्यांना कळला नाही.

मग राळेचा वास काही दिवस हटला नाही. संच पुन्हा माझ्याकडे आला तो वजनाने हलका होऊन. दुपारी वहिनींनी स्वतः बटण फिरवलं. वाचणारी बाई माझ्या खोलीत, खुर्चीवर येऊन बसली. वहिनी डोळे मिटून भाग संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मीही भाजीची सुरी खाली ठेवली होती, हे नाइलाजाने नोंदवते.

“काय सांगू?”

“सांगा, जमलं.” आणि त्या लगबगीने घरी गेल्या. भांडी पडली होती.

थोड्या वेळाने मी शेजारी गेले. डागमास्तरांनी दार उघडलं. मागे स्वयंपाकघरात वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“जमलं म्हणाले,” मी सांगितलं.

त्यांनी दाराची चौकट धरली. “हाच शब्द?”

“हाच.”

मग ते आत वळून ओरडले, “अगं, ऐकलंस का? जमलं म्हणाले!”

“कोण?” वहिनींनी नळ बारीक करत विचारलं.

“आहेत एक. तुला नाही कळायचं त्यातलं.”

वहिनींनी नळ पुन्हा मोठा सोडला. हातातली बशी विसळून झाली होती. ती त्यांनी परत पाण्याखाली धरली.