जनकाबाईची रिकामी किटली

मित्रांनो, कित्येक वर्षांत माझ्या पोटात दुधाचा थेंब पडलेला नाही, तरी डोणगावात माझ्याइतकी कामाची किटली दुसरी झाली नसेल. फुशारकी वाटली तर वाटू द्या. भांड्याला पोचे आले की त्याचं तोंडही सुटतं.

माणिकरावांनी मला खामगावच्या बाजारातून आणलं, तेव्हा मी कोरी, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, चांदीसारखी चकाकत होते. त्यांच्या म्हशीचं दूध मी घरोघर पोचवलं. ते इतकं दाट असायचं, की एकदा सायीवर मांजर झोपलं आणि पाय ओले न करता उठून गेलं. खोटं वाटत असेल तर त्या मांजराला विचारा. ते आता हयात नाही, याला मी काय करू?

पुढे माणिकराव वारले, म्हैस विकली आणि मी खुंटीला लटकले. त्यांची बायको जनकाबाई, तीही माझ्यासारखीच एका जागी. बाजेवरून चुलीपाशी, चुलीपासून बाजेवर. साखर वाढली, गुडघे धरले. एकदा न्हाणीत बसली ती उठेचना. खामगावला नोकरी करणारा तिचा मुलगा प्रसेनजित म्हणाला, "माय, उन्हाळ्यात गाडी घेऊन येतो. घराले कुलूप लावू. तू आमच्यापाशी राह्य."

जनकाबाईनं कुलपाची धास्ती घेतली. या घराच्या भिंतींचा गारा तिनं स्वतः तुडवला होता.

मेहकरच्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "मावशी, गोळ्या घ्याच, पण रोज चाला. आधी थोडं, मग जरा जास्त. हाडं, साखर, बीपी, झोप, सगळ्यालाच बरं असतं. मात्र चार दिवस चालून सोडू नका."

आता खरी अडचण. आमच्याकडे बाई मोकळ्या हातानं रस्त्याला लागत नाही. शेतात निघाली तर डोक्यावर टोपलं, चक्कीवर निघाली तर दळणाचा डबा. पहिल्याच दिवशी शेजारच्या चांगुणाबाईनं हटकलं.

"कुठी चालली वं जनका?"

"चालाले."

"ते दिसून राह्यलं. पण कुठी?"

"कुठीच नाही."

"फोनवर सुनेसंग वाजलं काय?"

जनकाबाई तिथूनच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसलं आणि हातात घेतलं.

"कुठी चालली वं?"

"दुधाले."

चांगुणाबाईनं मान डोलावली आणि ती आपलं अंगण झाडायला लागली.

मग आम्ही रोज निघालो. आधी डेअरीपर्यंत, तेही प्रत्येक ओट्यावर टेकत. मग डेअरी मागे टाकून नाल्याच्या पुलापर्यंत. मग पुलाच्याही पुढे. पावसाळा सरेपर्यंत तिची चाल अशी झाली, की मागून एसटीनं हॉर्न दिला तर ती कडेला होऊन म्हणायची, "जाय बापा पुढं, तुले घाई असंल तं."

चांगुणाबाई हे सगळं पाहत होती. जनकाची कंबर सरळ झाली, चेहऱ्यावर तेज आलं, म्हणजे हे दुधाचंच बळ, असं तिनं ठरवलं. तिनं घरचा रतीब दुप्पट केला. वजन वाढलं, गुडघे मात्र होते तसेच कुरकुरत राहिले.

उन्हाळ्यात प्रसेनजित गाडी घेऊन आला. जनकाबाई मला घेऊन दारातच उभी होती. "बस घटकाभर, दुधाले जाऊन येतो. नाहीतर तूच चाल संग."

तो निघाला. डेअरीपाशी थांबला, तर आई पुढे गेलेली. पुलापाशी मात्र त्यानं बूड टेकलं.

"माय, थांब ना जरा. घसा सुकला." त्यानं माझं झाकण उघडलं आणि आत पाहतच राहिला. "हे तं रिकामं हाय."

"मंग? दूध तं घरी पाकिटात येते."

"मंग एवढी दूर काऊन येतं तू?"

"तुह्या कुलपाच्या भेवानं," जनकाबाई म्हणाली. "हे पाय चालतात तोवर मी माह्या घरी. आता तुह्यासंग चालताना मले दम लागला असता, तं आलो असतो खामगावले."

प्रसेनजितनं कपाळाचा घाम पुसला आणि हसायला लागला. गाडी तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन परत गेली. जनकाबाई राहिली.

याला बरीच वर्षं झाली. आज ती पंच्याहत्तरीकडे झुकली आहे. गोळ्या चालूच आहेत. म्हातारपण काही मला पाहून पळून गेलं नाही. पण ती बुद्धविहारात मांडी घालून बसते आणि भिंतीचा आधार न घेता उठते. रात्री गाढ झोपते. गेल्या साली ठेच लागून पडली, तरी हाड शाबूत राहिलं. बळ दुधाचं नाही, चालण्याचं, हे चांगुणाबाईलाही उशिरा का होईना उमगलं. आता चार-पाच जणी सोबत निघतात, मोकळ्या हातांनी, गप्पा मारत. कोणी काही विचारत नाही.

त्यामुळे मी बेकार झाले. पुन्हा खुंटीवर आले, आणि पोटात कोळ्यानं घर केलं आहे. एवढ्या आनंदानं कामावरून निघालेलं भांडं तुम्ही पाहिलं नसेल.

मित्रांनो, मला टांगून ठेवलं तर फक्त धूळ बसते, ती पुसता येते. तुमच्या आजीला मात्र "बस, आराम कर" म्हणून घरात टांगून ठेवू नका. सकाळी तिची चप्पल दाराशी सरळ करून ठेवा. जमलं तर तिच्यासोबत चाला. तुम्हाला झेपेल की नाही, याची हमी मात्र मी देत नाही.