गहू भिजेपर्यंतची शाळा

२००२च्या उन्हाळ्यात मला निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला. नुसतं खाकरलो तरी चाळीस पोरं चिडीचूप व्हायची. आता खाकरलो की माझी बायको सरूबाई काढा आणून देते. आमच्या खोडद गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळातलं बारीकसारीक ऐकतात म्हणे. त्यांच्या शेजारी राहून माझ्या घरात ही परिस्थिती.

म्हणून आणे गावच्या शाळेतला माझा जुना शिपाई सावळाराम याने कुत्र्याचं पिल्लू देऊ केलं, तेव्हा मी ते पिशवीत घालून एसटीने घेऊन आलो. नाव ठेवलं मॉनिटर. मला एक विद्यार्थी हवा होता, उगाच लपवत नाही.

मॉनिटरने पहिल्याच दिवशी तुळशीपाशी नको ते केलं, शेजारच्या ठमाबाईंची एक चप्पल फस्त केली आणि धुतलेल्या लुगड्यावर ताणून दिली. सरूबाई तेव्हा परसात कुरडयांचे गहू भिजत घालत होती. तिने ओल्या हातानेच मला बोलावलं.

"हे गहू तीन दिस भिजत्यात. चौथ्या दिशी हितं कागद आथरून कुरडया घालायच्यात. तवर ह्याला वळण लावा. एका कुरडईला जरी ह्याचं त्वांड लागलं, तर आलं तसं पिशवीतनं आण्याला जाईल."

"तीन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी," मी म्हणालो. "मी अशांना बाराखडी शिकवलीय."

"बघू," ती म्हणाली. हा शब्द ती ज्या सुरात म्हणते, तो मला मुळीच आवडत नाही.

पहिल्या दिवशी 'बस' हा पाठ घेतला. शिक्षकाने आधी स्वतः करून दाखवावं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी गुडघे मोडून, हात जमिनीला टेकून दाखवलं. मॉनिटरने माझं तोंड चाटलं. कुंपणावरून ठमाबाईंनी विचारलं, "सरूवैनी, मास्तरांस्नी बरं वाटंना का?"

दुसऱ्या दिवशी मी पद्धत बदलली. पहिलीच्या पोरांना नवा शब्द कसा शिकवायचा, तर वस्तू डोळ्यांसमोर धरायची, तीनदा तिचं नाव घ्यायचं आणि मग वस्तू हातात द्यायची. वस्तू आवडीची हवी. आमचं घर माळकऱ्यांचं, म्हणून मी गुपचूप सायकल काढली आणि नारायणगावला अन्सारभाईंच्या मटणाच्या दुकानात गेलो. अन्सारभाईंनी हाडकं कागदात बांधताना माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. "मास्तर, माळ उतरली की काय?" मी म्हणालो, "शैक्षणिक साहित्य आहे."

पुडकं न्हाणीमागे लपवलं. मॉनिटरला समोर बसवलं, हाडूक नाकापुढे धरलं आणि स्वच्छ उच्चारात म्हणालो, "हाड. हाड. हाड." मग दिलं. असं दहाबारा वेळा झालं. संध्याकाळपर्यंत मी लांबून शब्द उच्चारला, तरी गडी परसाच्या दुसऱ्या टोकाहून शेपटी हलवत धावत यायचा आणि पुढ्यात बसायचा. चौतीस वर्षांत इतका हुशार विद्यार्थी मला मिळाला नव्हता. माझे डोळे भरून आले.

काय घडत होतं ते तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. मी शिक्षक होतो.

तिसऱ्या दिवशी सरूबाईने गहू वाटून चीक काढायला घेतला. मॉनिटर जवळ गेला की ती हाकलायची, आणि हा दुडुदुडू येऊन तिच्या पायाशी बसायचा. दोनतीनदा असं झालं. मग तिचा हात थांबला.

"कितीबी हाकला, माझ्याकडंच येतंय. असं का वो?"

"लळा लागलाय त्याला तुझा," मी बेधडक म्हणालो.

दुपारी तिने त्याला आमच्या पोरांच्या जुन्या वाटीत दूध घातलं. पोरं चाकणला कंपनीत गेल्यापासून त्या वाटीला कुणी हात लावला नव्हता. पिल्लू आता राहतं, असं मला वाटलं आणि रात्री गाढ झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी परसात भलामोठा प्लॅस्टिकचा कागद पसरला. ठमाबाई आणि पलीकडच्या गोजरबाई सोऱ्या घेऊन बसल्या. दीड तासात पांढऱ्याशुभ्र, ओल्या कुरडयांच्या रांगा लागल्या. मॉनिटर कागदाच्या कडेला अगदी शहाण्यासारखा बसला होता. मी खुर्ची टाकून छाती फुगवली.

एक माशी उडाली म्हणून त्याने नाक पुढे केलं. कागदाच्या पलीकडून सरूबाई ओरडली, "हाड!"

तो सरळ तिच्याकडे निघाला. सरळ म्हणजे कुरडयांमधून. तिच्यापुढे जाऊन बसला आणि तोंड वर करून पाहू लागला. ठमाबाई किंचाळल्या, "हाड, हाड!" तो तिकडे धावला. गोजरबाईंनी सोऱ्या उगारून तेच म्हटलं. तो तिकडे. तिघी मिळून जितक्या जोरात त्याला हाकलत होत्या, तितक्या आनंदाने तो प्रत्येकीकडे हजेरी लावत होता. पाचव्या फेरीनंतर एकही कुरडई अख्खी उरली नाही.

"ह्याला काय शिकिवलंय तुमी?" सरूबाईने विचारलं.

खोटं बोलायची सोय नव्हती. मी सगळं सांगितलं, अन्सारभाईंसकट. बाया पदर तोंडात धरून हसल्या. सरूबाई हसली नाही.

"म्हंजी माझ्यासाठी येत न्हवतं," ती म्हणाली. "हाडकासाठी येत व्हतं."

मला शरम वाटली. कुरडयांची कमी, त्या वाक्याची जास्त. मी मुकाट्याने पिशवी आणली, मॉनिटरला तिच्यात घातलं आणि दाराकडे निघालो. परस संपायच्या आत पिल्लाने उडी मारली, परत गेलं आणि चिकाने बरबटलेले पाय घेऊन सरूबाईच्या मांडीवर चढून बसलं. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं.

सरूबाईने पदराने त्याचा एकेक पाय पुसला.

"आण्याची एस्टी कितीला हाय?"

"साडेअकराला."

"मग जावा गाठा. सावळारामाला म्हणावं, पिल्लाचं शिकून झालं, मास्तरचं ऱ्हायलंय. आठ दिस ठिवून घ्या."

मी साडेअकराच्या एसटीत बसलो.