खंडेनवमीला मी बंद होतो

मित्रांनो, तुळजापुरातल्या एका घरात, खिडकीखालच्या टेबलावर मी बसून असतो. मी एक जुना संगणक आहे. कल्याणप्पांनी मला आपल्या लेकीच्या, शिवलीलाच्या, कॉलेजसाठी आणलं. ती शिकली, सोलापूरला गेली, आणि मी अप्पांच्या वाट्याला आलो.

त्यांची बायको गिरिजाबाई अर्धा कानडी, अर्धा मराठी पाळणा म्हणत. गल्लीतलं बारसं त्यांच्याशिवाय होत नसे. एका दुपारी अप्पांनी तो पाळणा माझ्यात रेकॉर्ड केला. पुढे गिरिजाबाई गेल्या. मग रोज सकाळी अप्पा मला सुरू करत, पाळणा ऐकत आणि त्यानंतरच चहा घेत. शिवलीलाच्या बाळाच्या बारशाला तोच लावायचा, असं ठरलं होतं.

नवरात्रात तिचा फोन आला.

"अप्पा, एक व्हायरस पसरलाय. पेनड्राईव्हमधून घरोघरी शिरतोय, फाइली खातोय. आजच अपडेट करा. अन् आईच्या पाळण्याची कॉपी काढून ठेवा."

"आज खंडेनवमी हाय, लीला. आज हत्याराला काम सांगत न्हाईत."

"त्यो किडा नवमी पाळतो व्हय, अप्पा?"

अप्पा हसले. त्यांनी मला पुसलं, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि दिवसभर बंद ठेवलं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

दसऱ्याला शेजारचे भागवत आपट्याची पानं घेऊन आले.

"सोनं घ्या, अप्पा. अन् ह्या पेनड्राईव्हमधी देवीची लई गाणी हायेत, भरून घ्या."

सणाला दारात आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं? अप्पांनी पेनड्राईव्ह लावला. गाण्यांमागोमाग तो किडाही आत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्याच्या फाइलीचं नाव तेच होतं. आत काही नव्हतं. अप्पांनी आवाज वाढवून पाहिला. चहा गार झाला.

शिवलीला बाळाला घेऊन आली. दुरुस्तीवाल्याने किडा काढला. गिरिजाबाईंचा आवाज परत आला नाही. बारशाला अप्पांनी स्वतः पाळणा म्हणायला घेतला. दोन ओळी झाल्या. पुढचं कानडी त्यांना येईना. बायका खाली बघत राहिल्या. पाळणा नुसता हलत राहिला.

मित्रांनो, मला फूल वाहिलं नाहीत तरी चालेल. अपडेट त्याच दिवशी करा, दुसऱ्याचा पेनड्राईव्ह तपासल्याशिवाय लावू नका, आणि जे गमावून चालणार नाही, त्याची एक प्रत माझ्याबाहेर ठेवा.

ती फाइल अप्पांनी अजून पुसलेली नाही. रोज उघडतात. पाळणा जेवढा वेळ चालायचा, तेवढा वेळ माझ्यासमोर बसतात. मग चहा घेतात.