इंजिन काढल्यावर

सिद्धीने वहीच्या कागदाची बारीक पट्टी कातरली आणि दोन दातेरी चाकांच्या मध्ये सरकवली. मोटर पट्टीसकट दाबून धरली, स्क्रू आवळले आणि मोठं चाक बोटाने फिरवलं. पट्टी दुसऱ्या बाजूने बाहेर आली. घड्या पडलेली, पण कुठेही न फाटलेली. म्हणजे दाते बसले होते नीट.

ओसरीवरच्या टेबलावर एका बाजूला काढलेलं सामान पडलं होतं. मुठीएवढं इंजिन, इंधनाची टाकी, वाकडी सायलेन्सरची नळी. तिचा बाप सगुण खुर्चीत बसून त्या सामानाकडेच बघत होता.

रिमोटवर चालणारा हा हातभर लांबीचा, जाड टायरांचा ट्रक त्याला खाणीतल्या एका इंजिनिअरने दिला होता. सगुण तेव्हा डिचोलीला खनिजाचे ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, इंजिनिअर गाव सोडून गेला आणि जाताना ही गाडी सगुणच्या हातात ठेवून गेला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी कोरगावच्या कापलेल्या शेतात ती पळायची. निळसर धूर सोडायची आणि असा कर्कश आवाज करायची की अर्ध्या वाडीला कळावं, सगुण शेतात उतरला.

पण तिचं खास इंधन मिळेनासं झालं. असलं पेट घेणारं सामान कुरियरवाले घ्यायला तयार नव्हते. शिवाय खाणीच्या धुळीने सगुणच्या छातीत मुक्काम केलेला; त्यात तो धूर. सिद्धी तुयेच्या कारखान्यात सर्किटं तपासायचं काम करायची. तिने ठरवलं, इंजिन काढायचं आणि ब्रशलेस मोटर बसवायची, बॅटरीवर चालणारी.

"धूर नाय, आवाज नाय," सगुण म्हणाला. "मगे ती गाडी कसली?"

"आता रिव्हर्स पण जातली बाबा. आधी खंय जायची?"

सगुणने सायलेन्सरची नळी हातात घेतली.

टाकीच्या जागी बॅटरी बसली. सिद्धीने गाडी विटेवर ठेवून रिमोटचा घोडा हलकेच ओढला, तर चाकं उलटी फिरली. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन तिने आपसांत बदलल्या आणि पुन्हा ओढला. चाकं सुलटी फिरली. नुसती भुणभुण, टेबलफॅनपेक्षाही कमी. तिने हसून बापाकडे बघितलं. तो इंजिन फडक्यात गुंडाळत होता.

पाच वाजता दोघं शेतात उतरली. बांधापलीकडच्या काजूंखाली बोंडूंचा आंबूस वास सुटला होता. सगुणने रिमोट हातात घेतला आणि गाडी अशी उसळून सुटली की त्याच्या तोंडून "आगो!" निघालं. समोरच्या बांधापर्यंत ती सरळ गेली. सिद्धीला वाटलं, जमलं.

मग गाडी डावीकडे वळली. सगुण समोरच बघत राहिला. गाडी मोठा वळसा घेऊन आली आणि बांधावर आदळून उलटी झाली.

"रेंज गेली काय गो?"

"नाय बाबा. तुका वेगाची सवय नाय."

तिने ताकद निम्म्यावर आणली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला गाडी माणसाच्या चालीने परत आली आणि सगुणच्या डाव्या हाताला तीन पावलांवरून गेली. तो शेताच्या मधोमध नजर फिरवत होता.

"खंय गेली ती?"

सिद्धी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. सगुणने मान एका बाजूला कलती केली होती, कान पुढे काढला होता. दर रविवारी तो असाच उभा राहायचा. तिला वाटायचं, इंजिन बरोबर चाललंय की नाही ते ऐकतोय.

तिने त्याच्या हातातला रिमोट अलगद घेतला. गाडी हळूहळू त्याच्या डाव्या पायाशी आणून उभी केली. सगुणने खाली पाहिलं नाही.

सिद्धीला एकदम बस आठवली. तुयेच्या कारखान्याची मिनीबस सगुणच चालवायचा. सकाळी बावीस बायका, त्यात ती. चतुर्थीनंतर एके दिवशी त्याने तिला मागच्या सीटवरून उठवून पुढे डाव्या खिडकीशी बसवलं होतं, हवा लागते म्हणून. मग प्रत्येक फाट्यावर तो विचारायचा, "तुज्या बाजून कोण येता?" आणि ती सांगायची. एकदा स्कूटर, एकदा म्हशी. बापलेकीच्या गप्पा समजून सांगायची.

"बाबा, गाडी तुज्या पायाकडे आसा."

त्याने मान वळवली, खाली बघितलं.

"कधीपासना?" तिने विचारलं.

"समोरचा बरा दिसता," तो म्हणाला. "बाजूक मान फिरवची लागता, इतक्याच."

"कधीपासना, बाबा?"

"पावसाच्या आधीपासना. डावो डोळो जास्त."

"आणि बस?"

"बसमदी तू होतंस मा."

सिद्धी बांधावर बसली. रिमोट मांडीवर ठेवला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"फुडच्या आयतवारपर्यंत चालवतंय," सगुण म्हणाला. "मगे सर्वेशाक सांगतंय. त्येका दुसरो डायवर मिळाक व्हयो."

"उद्या नाय."

"एक हप्तो गो."

"उद्या नाय, बाबा."

एवढ्या चढ्या आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. सगुणने खिशातून फोन काढला. बसच्या मालकाला, सर्वेशला लावला. अंग मोडून आलंय, असं काहीतरी तो सांगेल असं सिद्धीला वाटलं.

"सर्वेश, सगुण बोलतंय. माका डाव्या बाजूचा दिसना नाय. होय, डोळ्यान. आज नाय, बरेच म्हयने झाले." मग तो नुसता ऐकत राहिला. "होय. चूक माजी. होय."

फोन खिशात ठेवून त्याने गाडी उचलली.

"आईक मी सांगू?" सिद्धीने विचारलं.

"मी सांगतंय."

सोमवारी सकाळी बस सर्वेशने स्वतः आणली. आरशातून एकदा सगुणकडे बघून त्याने दार लावून घेतलं. सिद्धीने रजा घेतली होती. तुयेला उतरून दोघं म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार होती. बायकांनी सरकून तिसऱ्या रांगेत जागा करून दिली. सगुण डाव्या खिडकीशी बसला.

कोरगाव मागे पडलं. आजवर ह्या वाटेवर स्टिअरिंगवरून नुसता समोरचा रस्ताच बघायचा असायचा. सगुणने पूर्ण मान वळवली आणि कपाळ खिडकीच्या दांड्याला टेकवलं.

"ह्या पिवळा घर कोणाचा?"

"प्रभावतीबाईंचा. तीन वर्सां झाली बांधून."

"तीन?" तो म्हणाला. मग पुढे, वळणावर, "आणि हय तळी आसा?"

"आधीपासना आसा, बाबा."

"कमळां फुलली हत."

बस फाट्यापाशी हळू झाली. सर्वेशने दोन्ही बाजूंना बघितलं आणि वळण घेतलं. सगुणची मान तळ्याकडेच होती, ते मागे जाईपर्यंत.