माझी उजवी बाजू कोणती?

मी एक जुनी, छोटी, दोन दारांची मोटार आहे. इतकी छोटी की, मित्रांनो, रस्त्यातल्या मोठ्या गाड्या मला बघून आधी हसतात आणि मग हॉर्न वाजवतात. मी दोन्हीकडे लक्ष देत नाही. माझ्या पोटात जे आहे ते त्यांच्यापैकी एकीच्याही पोटात नाही. माझं इंजिन माझ्या अगदी मधोमध आहे आणि ते माझी चारही चाकं फिरवतं. अर्थात, मी जन्मले तेव्हा असं काही नव्हतं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझं इंजिन चारचौघींसारखं पुढे, बॉनेटखाली होतं. ते फक्त मागची दोन चाकं फिरवायचं. पुढची दोन नुसती बरोबर यायची, कामाला हात न लावणाऱ्या पाहुण्यांसारखी. रंग मात्र माझा असा काही होता की शोरूमच्या काचेला लोक नाक लावून बघायचे. त्या काचेवरचे नाकांचे ठसे मला अजून आठवतात.

माझे मालक रबरी शिक्के कोरायचे. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलं तरच ते कागदावर सरळ उमटतं. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांचा हात कायमचा उलटा झाला होता. घराबाहेर जाताना दारावर खडूने 'येतो' लिहायचे, तेही उलटं. शेजारीपाजारी त्यांना उलटेकाका म्हणायचे. मालकीणबाई त्यांचं लिहिलेलं सगळं आरशात धरून वाचायच्या आणि वर म्हणायच्या, "अक्षर छान आहे हो तुमचं."

त्यांचं घर टेकडीवर होतं. वर जाणारी वाट दोन दगडी भिंतींच्या मधून जायची आणि ती इतकी अरुंद होती की तिथे फक्त मीच मावायचे, तेही आरसे मिटून, अंग चोरून. भिंती संपल्यावरचं शेवटचं वळण तर जीवघेणंच. तिथे चढ आणि सुटी खडी. माझी मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची आणि मी लाजेने काळा धूर सोडायचे. मग ठरलेली वाटणी असायची. बाई चालवायच्या, काका उतरून ढकलायचे. अशी कितीतरी वर्षं आम्ही तिघं मिळून ते वळण चढलो. मी थोडी कमी चढायचे, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही.

पुढे बाईंचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण चढ चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. पेडल दाबण्यापुरता गुडघा शाबूत होता, वाट चढण्यापुरता नव्हता. काकांच्या हातापायांतही पूर्वीची ढकल उरली नव्हती. बाई टेकडीच्या पायथ्याशी भावाकडे राहायला गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. भावाचं गॅरेज होतं, मी त्याच्याच अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिले. एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. मित्रांनो, अपमान काय असतो ते मला विचारा.

काका रोज चालत खाली यायचे, बाईंशेजारी बसायचे आणि चालत वर जायचे. एक दिवस बाईंनी विषय काढला.

"हे असं किती दिवस चालायचं? गाडी चढली तर मी वर येते. नाहीतर घर विकू या, तुम्हीच खाली या."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या घरात त्यांचं कोरायचं टेबल होतं, खिडकीतला उजेड होता, बाईंनी लावलेलं लिंबाचं झाड होतं. ते तडक उठले आणि माझ्यावरची ताडपत्री ओढली. कोंबडीने घर डोक्यावर घेतलं.

"भाऊजी, हिची चारही चाकं ओढायला लागली तर चढेल," मेव्हणा म्हणाला. "आणि इंजिन मधे आणलं की वजन चारी चाकांवर सारखं पडेल. पण मागची सीट जाईल."

"जाऊ दे," बाई आतून म्हणाल्या. "पाहुणे कमी येतील."

मग माझे हाल सुरू झाले. बॉनेट रिकामं झालं, मागची सीट उचकटली, तळाचा पत्रा कापला. माझं काळीज उचलून पोटात बसवलं. त्यातून एक दांडा मागे गेला आणि एक पुढे. पुढच्या चाकांसाठी भंगारातल्या एका गाडीचा गिअरचा डबा आणला. त्या डब्यात एक मोठं दातेरी चाक असतं. ते डाव्या बाजूला बसतं की उजव्या, यावरून पुढची चाकं पुढे जाणार की मागे, हे ठरतं. हे एवढं लक्षात ठेवा, कारण त्या दोघांनी ठेवलं नाही.

काकांनी गॅरेजच्या शटरवर खडूने त्याचं सुरेख चित्र काढलं. मेव्हण्याने ते बघितलं, मान डोलावली आणि गालातल्या गालात हसत कामाला लागला. पुढे दोघांची रोज भांडणं झाली. पान्यावरून झाली, चहा कुणी करायचा यावरून झाली. चित्रावरून मात्र एकदाही झालं नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

चाचणीच्या दिवशी बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. काका माझ्यात बसले. किल्ली फिरली आणि माझ्या पोटात गुरगुर झाली. मला तर नव्याने जन्मल्यासारखं वाटलं. काकांनी गिअर टाकला.

माझी मागची चाकं म्हणाली, चला. पुढची म्हणाली, मागे फिरा. दोन्हीकडून अशी ओढाताण झाली की मी जागच्या जागी किंचाळत उभी राहिले. माती उडाली, धूर झाला, अंगणात चार खड्डे पडले. कुठेही न जाता इतकी दमलेली गाडी तुम्ही पाहिली नसेल.

"भाऊजी, चाक उलट्या बाजूला बसलंय!"

"कसं बसेल? चित्र बघितलंस ना तू?"

"बघितलं! तुमचं चित्र म्हणजे उलटंच असणार, म्हणून मी ते मनात सरळ करून बसवलं."

"अरे, तू गोंधळशील म्हणून मी या वेळी मुद्दाम सरळ काढलं होतं!"

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारायचं नाही का?"

दोघांनी कपाळाला हात लावले. बाईंची हसता हसता पुरेवाट झाली. पण काका हसले नाहीत. ते उतरले, माझ्या दारावर हात ठेवून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे. आपण घर विकू या. मी खाली येतो."

माझं इंजिन पोटात असूनही घशाशी आलं.

बाईंचं हसू थांबलं. "तुम्हाला खाली यायचंय?"

"मला कुठं यायचंय? तुला इथं आराम पडतो, म्हणून."

"मला कसला आराम? तुम्हाला वर एकट्याला निवांत वाटतंय, असं मला वाटलं. म्हणून मी परत येण्याचा हट्ट धरला नाही."

"ताई," मेव्हणा म्हणाला, "तुम्हा दोघांचंही दातेरी चाक उलटंच बसलंय."

बाई खडू घेऊन उठल्या. लंगडत माझ्यापाशी आल्या, माझ्या सीटवर बसून दोन्ही हात पसरून बघितले, मग पुढे येऊन माझ्या एका दिव्याखाली 'उजवी' आणि दुसऱ्याखाली 'डावी' लिहिलं. "ही गाडीची उजवी. तुमची नाही आणि याचीही नाही. चाक उलटं बसलंय ना? मग काढा आणि सुलटं बसवा. त्यासाठी घर कशाला विकायचं?"

इतक्या वर्षांत माझी उजवी बाजू कोणती, हे माझ्याकडून बघणारं पहिलं माणूस मला भेटलं. मला भरून आलं.

डबा पुन्हा उघडला, पुन्हा बसवला. या वेळी प्रत्येक बोल्टला दोघं एकमेकांना विचारत होते, इतकं की बाई वैतागल्या. मग एका सकाळी बाई चालवायला बसल्या, काका शेजारी. रिकाम्या बॉनेटमध्ये बाईंची बॅग ठेवली. भिंतींच्या मधून मी अंग चोरून निघाले. वळण आलं, खडी आली. चारही चाकांनी एकदमच जमीन धरली. पाहुण्यांनी शेवटी कामाला हात लावला होता.

आणि काका? वळणावर मी मंदावताच सवयीने दार उघडून खाली उतरले, मागे जाऊन दोन्ही हात पुढे केले आणि ढकलणार तोच मी निघून गेले! ते हवा ढकलून खडीत दोन्ही हातांवर पडले.

धापा टाकत ते घरी पोहोचले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. इतके दिवस त्या दारात वाट बघत काका एकटे उभे असणार, हे मी न बघताही सांगू शकते. बाई म्हणाल्या, "या. किती उशीर केलात."

काकांनी हात झाडले आणि ते लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी, खडू पुसला जाऊ नये म्हणून, त्यांनी माझ्या नाकावरची ती अक्षरं पांढऱ्या रंगाने काढली. पुसून, नव्याने, सुबक. आणि अर्थातच उलटी.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसतील."

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या गाडीवर ताडपत्री टाकून तिला कोंबड्यांच्या हवाली करू नका. तिला काय जमत नाही ते आधी बघा, मग हत्यार उचला. एकमेकांना सांभाळून घेताना तोंड उघडून सांगत जा. आणि कधी मला धुवायची वेळ तुमच्यावर आली, तर सगळं अंग खुशाल घासा, पण माझ्या नाकावरची ती अक्षरं उलटी आहेत म्हणून खरवडू नका. ती बरोबर आहेत.