एका थेंबातले दोघे

मी चिमणीच्या रक्तातला हिवतापाचा परजीवी बोलतोय. लगेच अंगावर चापट मारून डास शोधू नका! माणसाच्या रक्ताकडे मी ढुंकूनही पाहत नाही. आमचं घराणं पाखरांचं.

डासाच्या सोंडेतून आम्ही एका चिमणीत उतरलो. तिच्या एका तांबड्या पेशीत मी शिरलो आणि आतलं केंद्रक (पाखरांच्या तांबड्या पेशीत ते असतं) बाजूला रेटून ऐसपैस पसरलो. शेजारच्या पेशीत आणखी एक भाडेकरू होता, वेगळ्या जातीचा. तो केंद्रकाला धक्काही न लावता त्याच्याभोवती अंग चोरून राहायचा.

फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला, जांभळ्या रंगात रंगवला आणि आम्हा दोघांना एकच समजले! वर्णन लिहिलं माझं, चित्र काढलं शेजाऱ्याचं, नाव ठेवलं एकच. पुढे तर कहर झाला. दुसऱ्या जातीच्या पाखरात माझे भाऊबंद दिसले की लोक त्यांना नवंच नाव द्यायचे. माझ्यासारख्या रुबाबदार जिवाची ही शोभा! फार लागायचं मनाला.

परवा एक संशोधक मुलगी माझी काच सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसली. डॉक्टरांनी ठेवलेलं नाव नेमकं कुणाचं, हे ठरवून त्या पेशीभोवती तिला वर्तुळ काढायचं होतं; तीच पेशी त्या नावाचा कायमचा अधिकृत नमुना ठरणार होती. तिचे सर चष्मा कपाळावर चढवून मागे उभे होते.

"अगं, चित्र बघ आणि मोकळी हो. हा दुसरा गडी बाद."

दुसरा गडी म्हणजे मी!

"पण सर, डॉक्टरांनी तर केंद्रक बाजूला सारतो असं लिहिलंय. चित्रातला कुठे सारतोय?"

"इतकी वर्षं वर्गात मी हेच चित्र दाखवतोय गं."

"म्हणून तर म्हणते, एकदा काच बघा ना."

सर कुरकुरत वाकले आणि एकदा काच, एकदा वर्णन असं ताडून बघू लागले. मी छाती फुगवली. मला छाती नाही, तरी फुगवली.

"हाच की गं तो!" सर म्हणाले. "काढ वर्तुळ."

तिने शाईने माझ्या पेशीभोवती बारीक वर्तुळ काढलं. खरं सांगतो, राजाला सिंहासनावर बसताना एवढा आनंद झाला नसेल.

"आणि हा शेजारी?" तिने विचारलं.

"त्याचं नाव शोधू. बिचारा कधीचा याच्या नावावर राहतोय."

माझे भाऊबंद आजही पाखरांच्या रक्तात जगतात, मरतात. मी तर केव्हाच मेलोय. पण आमच्या साऱ्या गोतावळ्याचं नाव माझ्या या एका पेशीवर उभं आहे, आणि पेशी काचेवर. तेवढी जपून उचला.