बॅटरीवरचं मीठ

पोकलेनने खाडीच्या बांधापुढचा गाळ उपसला, तेव्हा त्यात दत्तात्रेयची पाण्याखाली लावायची बॅटरी सापडली. पोकलेन चालवणाऱ्या काळुरामने ती चंद्रावतीच्या ओट्यावर आणून ठेवली.

दत्तात्रेय तिचा धाकटा दीर. पूर्वी मुंबईच्या गोदीत जहाजांची बुडं घासायला बुडी मारायचा, तिथूनच त्याने ही बॅटरी आणली होती. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीची झडप अडकली, की गाव त्यालाच हाक मारी. वर आला की बॅटरी वहिनीच्या हातात देई आणि दर वेळी तेच सांगे, की हिला समुद्र काही करत नाही, करतं ते वर आल्यावर सुकलेलं मीठ. रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून ठेव. पहिलटकरणीचेसुद्धा एवढे लाड नसतात, असं ती म्हणायची. पण ठेवायची.

मग तो उन्हाळा आला. टँकर आठ-आठ दिवस फिरकेना. विहिरीच्या मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो. चंद्रावती बॅटरी त्या मचूळ पाण्यातच विसळी, पदराने पुसून खुंटीला लावी. त्याने विचारलं तर म्हणे, ठेवली होती की.

श्रावणातल्या उधाणाला झडपेत ओंडका अडकला. लावलेलं भात खाऱ्या पाण्याखाली जायची वेळ. दत्तात्रेय घाईने उतरला, पण खाली खटका सरकेना. अंधारात चाचपताना झडप हातावर आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली, बॅटरी खाडीत गेली. खटक्यात गाळ शिरला असेल, एवढंच तो म्हणाला. पुढे रोह्याला एका कंपनीच्या गेटवर लागला. चंद्रावतीने दोन वर्षं तोंड उघडलं नाही.

आता बॅटरी पिशवीत घालून ती पेणहून एसटीत बसली. गडब गेलं, नागोठणं गेलं, तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

रोह्याच्या खोलीवर बॅटरी बघून दत्तात्रेयला हसू आलं. उरलेल्या दोन बोटांनी त्याने मागचं झाकण फिरवलं. आत कोरडं ठणठणीत, रबराची कडी जशीच्या तशी.

"बघ गो वयनी, दोन वर्षं खाडीत, नि आत थेंब नाय."

खटका मात्र हलेना. त्यावर पांढरा थर दगडासारखा बसला होता. खाडीचं मीठ, धरणारच, असं म्हणून त्याने चहाची बशी तिच्यापुढे सरकवली.

खाडीने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. चहा पिऊन उठली असती, तर जन्मात कोणाला कळलं नसतं. चहा गोड्या पाण्याचा, छान दाट होता. तिने बशी बाजूला सरकवली.

"हे खाडीचं असंल भावजी, पण त्या दिवशी धरलं ते माझं मीठ," ती म्हणाली. "त्या उन्हाल्यात मी विहिरीच्याच पाण्यात बुचकलायची. गोडं पाणी डालीला राखलं."

त्याने मागचं झाकण पुन्हा फिरवून घट्ट बसवलं.

"ती डाल मीपण खाल्ली," तो म्हणाला. "पण सांगायचंस. खटका बघून उतरलो असतो."

शिफ्टची वेळ झाली, तसा तो उठून गेला. चंद्रावतीने मोरीतला नळ सोडला. बादली काठोकाठ होताच सवयीने बंद केला आणि बॅटरी हलकेच आत सोडली. तो परत येईपर्यंत ती बादलीपाशीच बसून होती. खटका सुटला का, ते तिने हात घालून बघितलं नाही.